एकशेवीस उंबऱ्यांचं गाव

विद्यार्थिनीने बटण दाबलं आणि बाईंचं गाव पडद्यावर हिरवंगार उभं राहिलं. एकशेवीस ठिपके, म्हणजे एकशेवीस उंबरे. दिला शब्द पाळणारा ठिपका हिरवा, फसवणारा लाल.

"हे तुमचं जुनं गाव," ती म्हणाली. "आता मी प्रोग्रॅममधली फक्त एक ओळ बदलते हं."

आधी कोपऱ्यातला एक ठिपका लाल झाला, मग त्याचे शेजारी, मग शेजाऱ्यांचे शेजारी. चाळीस फेऱ्या व्हायच्या आत गावात औषधालाही हिरवं उरलं नाही.

बाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

"परत कर."

तिने परत केलं. गाव परत लाल झालं.

विभागात या मुलीला सगळे शंकेखोर म्हणत. चालू व्याख्यानात हात वर करणारी, दुसऱ्याच्या लेखातली आकडेमोड घरी नेऊन तपासणारी. बाईंना ती आवडायची ती त्यामुळेच. बाई निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी विभागाने त्यांची जिन्याखालची खोली काढून घेतली नव्हती, ती या गावाच्या पुण्याईवर. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला दिलेला शब्द, कुणी बघत नसताना, का पाळावा? तत्त्वज्ञ यावर शेकडो वर्षं भांडत आले होते. बाईंनी त्या भांडणाचा खेळ केला आणि खेळ यंत्राला खेळायला लावला. दोन माणसं भेटतात, दोघं एकाच क्षणी ठरवतात, पाळायचं की फसवायचं. दुसऱ्याने काय ठरवलं ते दिसत नाही. हजार फेऱ्यांनंतरही गाव हिरवं राहिलं. पोलीस नाही, राजा नाही, तरी हिरवं. पाठ्यपुस्तकांत त्यावर एक आख्खा धडा होता.

"तुमच्या लेखात दोघं एकाच वेळी ठरवतात," मुलगी खालमानेने म्हणाली. "प्रोग्रॅममध्ये तसं नाहीये. आधी पहिला ठरवतो, ते त्याच्या खात्यात लिहिलं जातं, आणि दुसरा ते वाचून ठरवतो. त्याला सगळं दिसतं, बाई. मी तेवढंच झाकलं."

"म्हणजे आंधळेपणाने विश्वास टाकायची वेळ कुणावर आलीच नाही."

"नाही आली."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मुलीने लॅपटॉप अर्धवट मिटला.

"मी हे अजून कुणाला सांगितलं नाहीये. मार्गदर्शक सरांनाही नाही. माझा सगळा प्रबंध याच गावावर उभा आहे, दोन महिन्यांत द्यायचाय. तुम्ही म्हणालात तर... पन्नास वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम, कोण उघडून बघतंय?"

"तू बघितलास की."

मुलीने लॅपटॉप पुन्हा उघडला.

"हेच लिही," बाई म्हणाल्या. "गाव कसं लाल होतं ते लिही. चांगला होईल प्रबंध. माझ्या धड्यापेक्षा चांगला." मग जरा थांबून, "लेख छापला त्या नियतकालिकाला मी कळवते. चूक कशी शिरली, ते विचारतीलच. ते मीच लिहून देते."

ती कशी शिरली, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं होतं.

तेव्हा बाई सव्वीस वर्षांच्या होत्या. तत्त्वज्ञानवाले त्यांना मशीनवाली म्हणत आणि गणितवाले प्रवचनकार. दोन्ही घरची पाहुणी, जेवायला कुणीच बोलवत नव्हतं. आपलं म्हणावं असं माणूस भेटलं ते संगणक केंद्रात. बाहेर घामाच्या धारा आणि आत यंत्रासाठी हिवाळा, म्हणून भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसणारी प्रोग्रॅमर. सगळे तिला कार्डताई म्हणत. प्रोग्रॅमच्या भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा ती अंगावरच्या बाळासारखा छातीशी धरून न्यायची, आणि तो पडलाच तर क्रम लागावा म्हणून कडेवर पेन्सिलीची तिरकी रेघ ओढून ठेवायची. आठवड्यातून एक तास यंत्र त्यांच्या वाट्याला यायचं. कागदाची लांबच लांब घडी खडखडत बाहेर पडायची, आणि दोघी जमिनीवर बसून, खारे दाणे खात, गावाचं काय झालं ते वाचायच्या. अमुक घराने तमक्याला फसवलं की ताई म्हणायची, "मेल्याला बघतेच मी!" बाई इतकं मोकळं पुन्हा कधी हसल्या नाहीत.

त्यातल्याच एका दुपारी ताईने विचारलं होतं, "अगं मास्तरीण, दोघांनी एकदम ठरवायचं म्हणतेस. पण हे बापडं एका वेळी एकच काम करतं. आधी कोण?"

"कुणीही गं! काय फरक पडतो? आटप, आपला तास जाईल."

एवढंच. पुढे लेख छापून आला, तळटीपेत ताईचे आभार मानले होते. आणि हा प्रश्न बाईंनी पुढे जवळजवळ चाळीस वर्षं वर्गात गंमत म्हणून सांगितला. 'आधी कोण?' विचारणारी भाबडी कार्डताई. वर्ग हसायचा. बाईही हसायच्या.

रविवारी मुलीने त्यांना गाडीने ताईकडे नेलं. लिफ्ट बंद होती. तीन जिने चढताना बाई प्रत्येक मजल्यावर टेकल्या. दार ताईनेच उघडलं. ऐंशीला आलेली, केस पांढरेशुभ्र, खांद्यावर स्वेटर.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"मग एवढं तोंड करून काय आलीस? बस. आणि ही कोण?"

"हिने आपलं गाव जाळलं," बाई म्हणाल्या.

मुलगी गोरीमोरी झाली. ताईने तिला शेजारी बसवून घेतलं, पडद्यावर सगळं बघितलं, ती ओळ दोनदा वाचली आणि मान हलवली. तिला समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"ताई," बाई म्हणाल्या, "हे कसं झालं ते मला लिहून द्यायचंय. तुला आठवतं, त्या दुपारी तू मला—"

"थांब!" ताईने तळहात वर केला. "एक शब्द बोलू नकोस. तू आधी बोललीस की मी ते ऐकून बोलणार. जन्मभर तेच केलं. तू म्हणालीस फरक पडत नाही, मी म्हटलं, बरं बाई."

"अगं, पण—"

"दोघींनी लिहायचं. एकदम. एकमेकींचं न बघता." ती उठली, कागद घेऊन आली, आणि टेबलाच्या मधोमध वर्तमानपत्र उभं करून मुलीच्या हातात दिलं. "धर गं हे. ही मास्तरीण परीक्षेत डोकावणाऱ्यांतली आहे."

"मी? मी कधी—"

"लिही, लिही. वेळ जातोय."

वर्तमानपत्राच्या दोन बाजूंना दोन पेनं कुरकुरत राहिली. मुलीचे हात भरून आले, पण तिने वर्तमानपत्र हलू दिलं नाही. ताईचं आधी संपलं. बाईंनी मात्र दोनदा खोडलं. दोघींनी घड्या घातल्या.

"इथे उघडायचं नाही," ताईने बजावलं. "खाली गेल्यावर. आणि दोन्ही वाचल्यावर मग काय छापायचं ते छापा."

निरोप घेताना तिने बाईंचा दंड धरला, दाबला, आणि सोडला. "जपून उतर. पडलीस तर उचलायला मी येणार नाही."

गाडीत बसल्यावर मुलीने आधी बाईंचा कागद उघडला. 'दोघांपैकी आधी कोण, असं प्रोग्रॅमरने मला स्पष्ट विचारलं होतं. मी तो प्रश्न उडवून लावला. चूक माझी आहे. या कामावर तिचं नाव माझ्या बरोबरीने हवं होतं. मी ते तळटीपेत टाकलं.'

मग तिने दुसरा उघडला. सुटी सुटी, ठसठशीत अक्षरं. 'प्रोग्रॅम मी लिहिला. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला दिसेल, हे मला समजलं होतं. पण मी कुणाला काही विचारलं नाही. लेखिकेला याची कल्पना नव्हती. चूक माझी आहे.'

मुलीने दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. तिची शंकेखोर नजर एकावरून दुसऱ्यावर फिरली.

"बाई, एकात विचारलं आहे, दुसऱ्यात विचारलंच नाही. दोन्ही खरं कसं असेल?"

बाईंनी ताईचा कागद उचलला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला. पुन्हा वाचला.

"माझा पाठव," त्या म्हणाल्या.

"आणि ताईंचा?"

बाईंनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला, गाडीचं दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला.

"बाई, कुठे? तीन जिने आहेत!"

"भांडायला," बाई म्हणाल्या, आणि कठडा धरून चढू लागल्या.