शिमकाकांच्या नावाचे पोस्टर

"आणखी थोडी, शिमकाका, आणखी थोडी! बस्स!"

इतिहासाचे ग्वाकसर एका हातात कॉफीचा कप आणि दुसऱ्या हातात पुस्तकांची पिशवी घेऊन उभे होते. त्यामुळे ढकलायला त्यांच्याकडे हातच उरला नव्हता. पहारेकरी शिम दोक-गु यांनी पुढच्या पांढऱ्या गाडीवरचे तळहात काढले. ती चार पावले सरकली आणि तिच्यामागे अडकलेली सरांची निळी गाडी मोकळी झाली. शिमकाकांच्या उजव्या खांद्यातून कळ निघाली. सकाळपासूनची ही अकरावी गाडी.

"तुम्ही नसतात तर आमचं काय झालं असतं हो, काका!" असे म्हणून सर निघून गेले.

चुन्चॉन शहरातल्या त्या टेकडीवरच्या विद्यापीठात कलाशाखेच्या इमारतीमागे जागा होती चाळीस गाड्यांची, आणि यायच्या सत्तर. उरलेल्या तीस सरळ दुसऱ्यांच्या पुढ्यात आडव्या लागत. मात्र गिअर न्यूट्रलला ठेवायचा आणि हँडब्रेक सोडून जायचे, म्हणजे ज्याची वाट अडली असेल त्याने ती खुशाल ढकलावी, असा रिवाज होता. ज्याची वाट अडे तो शिमकाकांना हाक मारी, एवढीच त्यात सुधारणा झाली होती. कुणाचा तास कधी सुटतो, कोण जेवायला घरी जातो, कुणाची बैठक लांबते, हे सगळे काकांच्या डोक्यात असे, आणि त्या हिशेबाने कुणाची गाडी कुणापुढे लावायची ते ठरे. प्राध्यापकांना एकवेळ स्वतःचे वेळापत्रक पाठ नसेल, काकांना बावीस वर्षे सगळ्यांचे पाठ होते.

सप्टेंबरात प्रशासनाचे पत्र निघाले. जानेवारीपासून फाटकावर कॅमेरा बसणार. तो नंबर वाचणार आणि दांडी उघडणार. चाळीस गाड्या आत आल्या की दांडी उघडायची नाही. बाकीच्यांनी खाली मैदानाजवळ गाडी लावून चढ चढत यावे. पत्राच्या शेवटी, अगदी जाता जाता सांगावे तसे लिहिले होते की मागच्या बाजूच्या पहारेकऱ्याची आता गरज उरणार नाही.

काकांचा करार एकतीस डिसेंबरला संपत होता. दरवर्षी तो एका सहीने पुढे जाई. यंदा जाणार नव्हता. वय सहासष्ट. या वयात दुसरीकडे कुणी दारात उभे करत नाही, हे त्यांना चांगले माहीत होते. बायको मल-सुन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाई. ती गेल्यावर रिकाम्या घरात भिंतींकडे बघत बसायचे, एवढेच उरणार होते.

प्राध्यापक मात्र भडकले. खरे दुखणे होते चढाचे. पण आमचे गुडघे दुखतात असे काही निवेदनात लिहिता येत नाही. म्हणून निवेदनात शिमकाका आले.

ग्वाकसरांचे अक्षर देखणे. तीन मोठे कागद जोडून त्यांनी स्वतः ब्रशने पोस्टर लिहिले. 'बावीस वर्षे आपल्या गाड्या ढकलणाऱ्या शिम दोक-गु यांना एका दांडीपायी घालवू नका!' खाली एकशे चौसष्ट सह्या. आता या आवारात लाल शिक्क्याशिवाय भिंतीवर कागद लागत नाही. शिक्क्यात मुदतीची तारीख असते आणि मुदत उलटली की पहारेकऱ्याने कागद उतरवायचा असतो. तेव्हा प्रशासनाविरुद्धचे पोस्टर घेऊन सर प्रशासनाच्याच कचेरीत गेले, आणि विभागप्रमुख मेंगसाहेबांनी ते वाचून मुकाट्याने शिक्का मारला. मुदत तीस नोव्हेंबर.

पहिले दोन दिवस काका त्या भिंतीकडे फिरकलेच नाहीत. लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत जाऊन त्यांनी ते शेवटच्या सहीपर्यंत वाचले. आपले नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. बरे वाटले. फार बरे वाटले.

मल-सुन हिवाळ्याच्या किमचीसाठी कोबी मिठात घालत बसली होती. काकांनी तिला सह्यांचा आकडा सांगितला.

"एकशे चौसष्ट?" तिने मान वर केली नाही. "आणि त्यातल्या एकानं तरी कधी स्वतःच्या हातानं गाडी ढकललीय का?"

"तुझं आपलं काहीतरीच. मोठी शिकलेली माणसं आहेत ती."

"शिकलेली आहेत म्हणूनच विचारतेय. ते मीठ द्या इकडे."

नोव्हेंबरच्या मध्याला दोन्ही बाजूंची बैठक बसली. काकांनाही बोलावणे आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि जे बोलायचे ते आपल्या पहाऱ्याच्या केबिनमध्ये चार वेळा घोकले. 'गाड्या ढकलणं बंद झालं तरी चालेल. पण फाटकावर बसतो, पानं झाडतो, बर्फ काढतो. काहीही सांगा, पण राहू द्या.' एवढेच होते ते.

"सहासष्ट वर्षांच्या माणसाकडून तुम्ही गाड्या ढकलून घेता," मेंगसाहेब म्हणाले, "आणि वर कळवळ्याच्या गोष्टी आम्हाला सांगता?"

"मग त्यांना घरी बसवणं हा कळवळा म्हणायचा का?" ग्वाकसर कडाडले.

दोघांचेही खरे होते. दोघांनीही काकांकडे पाहिले. काका उभे राहिले.

"शिमकाका, घाबरू नका. खांदा दुखतो ना तुमचा?" मेंगसाहेबांनी विचारले.

"दुखतो साहेब. पण..."

"दुखतो. लिहून घ्या."

"अहो, 'पण' म्हणाले ते! त्यांचं तोंड दाबू नका!"

"कोण दाबतंय तोंड? शब्द मागे घ्या, ग्वाकसर!"

शब्द मागे घ्यायचा की नाही यावर वीस मिनिटे गेली. तेवढा वेळ काका उभेच होते. मग पाय भरून आले तेव्हा हळूच खाली बसले. ते बसल्याचे कुणाच्या लक्षात आले नाही.

अठ्ठावीस तारखेला ग्वाकसर संत्र्यांची पेटी घेऊन केबिनवर आले. चेहरा फुललेला.

"काका, जिंकलो! शेवटी नमले ते. आता चाळीस नाही, सत्तर गाड्यांना जागा. फुलांचे वाफे काढायचे, ही केबिन काढायची, पट्टे जरा अरुंद मारायचे. आमच्या सगळ्यांचे नंबर त्या कॅमेऱ्यात घालून देणार. कुणाला चढ नको की काही नको!"

"फार छान झालं, सर." काकांनी खुर्ची पुढे केली. "आणि... माझं?"

सर संत्रे सोलू लागले. साल बराच वेळ निघेना.

"तो मुद्दा यादीत शेवटचा होता, काका. तिथपर्यंत पोचेस्तोवर जेवणाची वेळ झाली. पण पुढच्या सत्रात तो पहिला घेणार. मी शब्द देतो."

पुढचे सत्र मार्चात सुरू होते. सरांनाही ते ठाऊक होते, कारण अर्धे संत्रे पेटीवर ठेवून ते घाईघाईने उठले. काकांना राग आला. बावीस वर्षांत आला नव्हता एवढा आला. आपल्या नावाने एवढा गाजावाजा करून शेवटी आपल्याच तोंडाला पाने पुसली, असे त्यांना आरडून सांगावेसे वाटले. पण बाहेर सरांच्या गाडीपुढे मानसशास्त्राच्या मॅडमची गाडी आडवी होती. काका बाहेर गेले आणि त्यांनी ती ढकलली.

घरी मल-सुनने सगळे ऐकून घेतले. ती काहीच टोचून बोलली नाही. तिने फक्त त्यांच्या खांद्याला मलम चोळून दिले, आणि तेच काकांना जड गेले.

एक डिसेंबरला सकाळी काका गरम पाण्याची बादली आणि पत्र्याची पट्टी घेऊन भिंतीपाशी गेले. मुदत संपलेले कागद उतरवायचा दिवस होता. गायनस्पर्धेचा कागद निघाला. भाड्याच्या खोलीचा निघाला. मग ते पोस्टरच्या वरच्या कोपऱ्यावर ओले फडके दाबून उभे राहिले.

मेंगसाहेब कचेरीकडे चालले होते. ते थांबले.

"शिमकाका... ते राहू द्या हो. माझ्या खिशात शिक्का आहे. महिनाअखेरपर्यंतची तारीख घालून देतो."

"नको, साहेब."

"अहो, मी सांगतोय. कोण काय म्हणणार आहे?"

"मुदत काल संपली ना, साहेब. दुसऱ्या कुणाचं असतं तर एव्हाना उतरवलं असतं मी."

मेंगसाहेबांनी हातातली बॅग खाली ठेवली आणि कागदाचा खालचा कोपरा धरला. खळ चांगलीच बसली होती. काका फडके फिरवत, पट्टी आडवी सरकवत, बोटबोट करून सोडवत राहिले. तिन्ही कागद न फाटता एकसंध खाली आले. काकांनी त्यांची घडी घातली आणि ती रद्दीच्या गोणीत इतर कागदांवर ठेवली. भिंतीवर राहिलेली खळ त्यांनी दोनदा पुसून काढली.

शेजारी मुलींच्या नाटकाचा कागद होता. त्याची मुदत पाच तारखेपर्यंत होती आणि त्याचा एक कोपरा सुटून वाऱ्याने फडफडत होता. काकांनी त्याला थोडी खळ लावली आणि तो नीट चिकटेपर्यंत अंगठ्याने दाबून धरला.