चेअरमनसाहेबांचं खत

सोसायटीच्या बागेचे तुकडे वाटले, तेव्हा चेअरमन दत्तप्रसादांनी पोस्टातून निवृत्त झालेल्या विमलाबाईंच्या गळ्यात नेमका तो कोपरा मारला, जिथे बिल्डरने उरलेला मुरूम आणि फुटक्या फरशा पुरल्या होत्या. वर म्हणाले, "शेती म्हणजे पोस्टाचं काउंटर नव्हे, बाई. सप्टेंबरच्या सभेपर्यंत खाण्याजोगं काही पिकलं तर जागा तुमची. नाहीतर माझी दुसरी गाडी उन्हात उभीच आहे."

विमलाबाई हसल्या. घरी येऊन मात्र कणीक अशी बडवली, की खालच्या मजल्यावरून विचारणा आली.

धायरीच्या गोठ्यातून नागोराव शेण-गोमूत्र आणून द्यायचे. त्यात गूळ-बेसन कालवून विमलाबाई पिंपात जीवामृत करायच्या. पंधरा दिवसांतून एकदा घालायचं ते रोज घालायच्या, दर तांब्याला चेअरमनचं नाव घेऊन. घेवडा असा माजला, की दत्तप्रसादांच्या गॅलरीत शिरून वाळत घातलेल्या बनियनच्या गळ्यातून बाहेर आला. शेंग मात्र औषधालाही नाही.

"राग पाजलाय तुम्ही त्याला," नागोराव वेल बघून म्हणाले. "नुसत्या पानावर गेलाय. आता हे बंद करा आन् चुलीतली राख टाका मुळाशी. मग लागंल शेंग."

"मी गॅसवर स्वयंपाक करते, नागोराव. राख काय बर्नरमधून पडणारे?"

विमलाबाईंनी जीवामृत थांबवलं, पण राख मिळेना आणि सभा पाच आठवड्यांवर आली. रविवारी सकाळी विमलाबाईंनी खिडकीतून पाहिलं, तर हाफ पँटमधले दत्तप्रसाद गच्चीवरच्या बार्बेक्यूची राख घमेल्यातून वेलावर उधळत होते. बनियनचा सूड!

विमलाबाईंनी आधी फोटो काढला. मग गळा काढला. "अहो, काय करताय! मरेल हो माझा वेल! मुळाशी तर अजिबात नका टाकू!"

दत्तप्रसादांनी उरलेली सगळी मुळाशी ओतली.

पुढे दर रविवारी हेच. मग बुधवारीही. विमलाबाई खिडकीतून जीव तोडून विनवण्या करायच्या आणि दुपारी खाली जाऊन जास्तीची राख झाडून काढायच्या.

"विमलाताई, आमच्याकडे आता वरण सोडून सगळं भाजून होतं," चेअरमनच्या बायकोने, तनुजाने, लिफ्टमध्ये रडगाणं गायलं. "यांना झालंय तरी काय?"

"हौस असेल," विमलाबाई म्हणाल्या.

सभेत त्यांनी टेबलावर दोन पिशव्या घेवडा ओतला आणि उभ्या राहिल्या. "आभाराचा ठराव मांडते. चेअरमनसाहेबांनी न सांगता, स्वतःच्या हाताने माझ्या वेलाला राख घातली. त्याशिवाय शेंग धरली नसती. फोटो ग्रुपवर टाकलेत."

सगळे फोनमध्ये घुसले. हाफ पँट, घमेलं, आवेश. टाळ्या पडल्या.

"साहेब, आमच्या टोमॅटोलाही घाला की!" मागून कोणीतरी ओरडलं.

जागा विमलाबाईंची, आणि साऱ्या बागेला राख पुरवायचं काम चेअरमनचं, असं एकमताने ठरलं. दत्तप्रसाद सही करता करता पुटपुटले, "पण तुम्ही तर मरेल मरेल म्हणून ओरडत होतात!"

"नसते ओरडले, तर तुम्ही एका घमेल्यात थांबला असतात," विमलाबाई म्हणाल्या आणि शेंगा भरू लागल्या.