चारीचा उतार

"वहिनी, चारीतल्या तुमच्या धुण्याच्या दगडानं माझा कांदा बुडाला!" साहेबराव सकाळीच गिताबाईच्या बांधावर येऊन वरडाय लागला. "दगड काढा, न्हाईतर पाणी कमिटीत सांगून तुमची बारीच बंद करतो."

निमोण्याच्या कालव्याच्या चारीवर वरचं रान साहेबरावाचं, खालचं गिताबाईचं. मधी मुरमाचा लांबलचक उतार. गिताबाईची शेवंती कळीवर आलेली. पाण्याची बारी गेली तर उभी वाळली असती.

"आवं भावजी, दगड खाली, कांदा वर. दगड काय शिडी लावून चढला व्हय?"

"पाणी तुंबतंय ना मागं!"

गिताबाईची सून करुणा सिव्हिलचा डिप्लोमा झालेली. तिनं उतारावरच्या पाण्यात बोट धरलं. तरंग सगळे खालीच पळाले.

"मामा, हितं पाणी उथळ आन् लई जोरात हाय. खालच्या दगडाची खबर वर जातच न्हाई."

मग ती उताराच्या तोंडाशी गेली. तिथं पाणी वाकून खाली घसरत होतं. "ह्या उंबऱ्यावर पाणी स्वभाव बदलतंय, संथाचं जोराचं व्हतंय. क्रिटिकल डेप्थ म्हणत्यात."

"डेप्थ-बिप्थ मला नको सांगू!"

करुणानं वरच्या सपाटीत बोट बुडवलं. तरंग वरच्या अंगालाबी सरकले. "हितं संथ हाय. हितं काय अडलं तरच मागं तुंबतंय. अडचण ह्याच सपाटीत हाय."

साहेबराव घराकडं वळला. "जाऊ द्या. ऊन झालं."

पण गिताबाई लुगडं खोचून चारीत उतरलीसुद्धा. पायाला काहीतरी लागलं. ओढून वर काढलं, तर मातीनं भरलेलं पोतं. त्याच्यावर निळ्या रंगात ठळक नाव : साहेबराव, निमोणे.

"भावजी, ह्ये मार्केटला निघालं व्हतं का?"

कांद्याशेजारच्या आपल्या उसाला चोरून जादा पाणी घ्यायला त्यानंच पोती बुडवली होती. पाणी जरा जास्तीच चढलं आन् कांद्यात घुसलं.

"बाकीची तुमच्या हातानं काढा," गिताबाई म्हणाली, "न्हाईतर ह्ये पोतं नावासकट कमिटीत नेते."

साहेबराव चारीत उतरला. शेवटचं पोतं उपटलं आन् तुंबलेलं पाणी लोंढ्यानं सुटलं. त्याचा पाय सटकला. बसल्या बसल्या सगळा उतार घसरत तो खाली, गिताबाईच्या रानात पाणी वळवायच्या बाऱ्यापाशी फेसात जाऊन आदळला.

गिताबाई पळत आली. "लागलं का?"

"न्हाई," तो धापा टाकत म्हणाला. "हात द्या."

गिताबाईनं हात पुढं केला, मग मागं घेतला. साहेबरावाच्या पाठीला अडून पाणी झकास शेवंतीकडं वळत होतं.

"बसा की जरा," ती म्हणाली. "दोन सऱ्या भिजू द्या."