बगदादचा लिलाव आणि नंदूचं घर

माझी बायको नीलांबरी गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्लान्टमध्ये होतो. गाडीच्या दारातून पाणी का झिरपतं यावर मीटिंग चालू होती. फोन पुण्याहून होता, सासूबाईंच्या शेजारच्या सुलेखाताईंचा. "गुरुनाथ," त्या म्हणाल्या, "आता धावपळ करून उपयोग नाही. पण या."

नीलांबरी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेली होती. तिलाच ताप आला, दवाखान्यात ठेवलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं. ही २००७ च्या फेब्रुवारीतली गोष्ट.

नंदू तिचा धाकटा भाऊ. तोही आमच्यासारखाच इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. गेला असता तर परत कधी येता आलं असतं ते सांगता येत नव्हतं, आणि तोवर नोकरी थांबली नसती. त्याने मला एअरपोर्टवर सोडलं, पण गाडीतून उतरला नाही.

मी परत आलो तेव्हा तो रडला, पण काही विचारलं नाही. उन्हाळ्यात त्याला दिनारचं वेड लागलं.

इराकचे दिनार. तेव्हा अमेरिकेत बरेच लोक ते घेऊन ठेवत होते. इंटरनेटवर विकणारे होते, नोटांचे गठ्ठे कुरिअरने घरी यायचे. युद्ध संपेल, तेल विकलं जाईल आणि दिनार पुन्हा महाग होईल, असा सगळ्यांचा अंदाज. नंदूने आधी थोडेच घेतले. मग तो बगदादच्या मध्यवर्ती बँकेच्या लिलावाचे आकडे बघायला लागला. ती बँक कामाच्या दिवशी चलनाचा लिलाव करायची आणि निकाल वेबसाइटवर टाकायची. नंदू चहाच्या आधी ते बघायचा. "एकदा रेट वर गेला ना भावोजी, की राजीनामा फेकतो आणि आईकडे जातो. व्हिसा गेला खड्ड्यात," असं म्हणायचा.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी रुपालीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला.

"भावोजी, यांनी घरावर लोन काढलंय. बुधवारी सह्या झाल्या. माझी पण घेतली."

"कशासाठी?"

"दिनार. सगळ्याचे."

इथे राहत्या घरावर असं कर्ज काढलं तर सही केल्यावर तीन दिवस मिळतात. तेवढ्यात लेखी कळवलं तर ते रद्द होतं. शनिवार हा शेवटचा दिवस होता आणि पोस्ट दुपारी बंद होणार होतं.

"दोघांपैकी एकाने पाठवलं तरी चालतं," रुपाली म्हणाली. "मी एकटी करू शकते. पण मी यांच्या पाठीमागे केलं तर हे या घरात राहणार नाहीत, भावोजी. तुम्ही या."

मी गेलो. नंदू किचनमधल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला होता.

"झालं. सुप्रीम कोर्ट आलं," तो म्हणाला.

"मला दाखव, काय बघतोस ते."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हा गुरुवारचा लिलाव. हा आकडा बघा, विकले गेले तो. जूनमध्ये याच्या निम्मा असायचा. डिमांड डबल झालीये, सिंपल आहे."

"विकणारी बँक ना? तिने काय विकलं?"

"काय म्हणजे?"

"दिनार विकले की डॉलर?"

"डॉलर."

"मग मागणी कशाला आहे?"

"असं नसतं हो ते. तिथले व्यापारी बाहेरून टीव्ही मागवतात, गाड्या मागवतात. त्यांना डॉलर लागतात. म्हणजे धंदा वाढतोय. आणि रेट बघा ना. गेल्या वर्षी एका डॉलरला साडेचौदाशे दिनार मिळायचे, आता साडेबाराशे पण नाहीत. दिनार महाग होतोय की नाही? सांगा."

ते खरं होतं. रुपाली ओट्याशी उभी होती. रद्द करायचा कागद तिच्या हातात होता आणि ती मायक्रोवेव्हवरच्या घड्याळाकडे बघत होती.

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. पण नीलांबरी इथल्या बायकांची भिशी चालवायची, लिलावाची. महिन्याला जमलेल्या रकमेवर बोली लागायची. जी जास्त रक्कम सोडायला तयार होईल तिला भिशी मिळायची, आणि सोडलेले पैसे बाकीच्या वाटून घ्यायच्या. ती जायच्या आदल्या वर्षी प्लान्टमधून लोक कमी केले तेव्हा बोली एकदम चढली. विनीता नावाची तिची मैत्रीण खूश झाली, म्हणाली, भिशी मस्त चाललीये. नीलांबरी तिला म्हणाली, मस्त काय, कोणाचं तरी घर अडलंय.

मी हे नंदूला सांगितलं. "तुझ्या लिलावात लोक दिनार घेऊन येतात आणि डॉलर घेऊन जातात. आकडा वाढला म्हणजे दिनार सोडणारे वाढले. लोक डॉलर घेऊन येतील आणि दिनार मागतील, तेव्हा ती तुझी डिमांड. असं होतं का?"

"होतं कधीकधी. छोटा आकडा असतो."

"आणि दर चढतोय, कारण बँक स्वतःचे डॉलर ओततेय. तिने हात आखडला तर?"

"का आखडेल? तेल आहे त्यांच्याकडे!" तो हसला. "भिशीवरून बगदाद. कमाल आहे यार. ताई असती तर पोट धरून हसली असती."

"ताई असती तर कानाखाली दिली असती."

"तुम्हाला बोलायला काय जातंय? तुमच्याकडे ग्रीन कार्ड होतं. उठलात आणि गेलात."

रुपाली म्हणाली, "साडेअकरा झाले."

मी नंदूला म्हटलं, "तुझ्याकडचे दिनार विक."

"आत्ता कशाला विकू?"

"विकू नकोस. फक्त काय देतात ते विचार. जिच्याकडून घेतलेस त्याच कंपनीला फोन लाव."

"लावतो ना. घाबरतो काय?" त्याने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस मोठ्या उत्साहात होता. नंदूचं नाव त्याला आठवत होतं. या वेळी किती मिलियन पाठवू, असं त्याने विचारलं.

नंदू म्हणाला, घ्यायचे नाहीत, विकायचेत.

"सर, सध्या आम्ही परत घेत नाही."

"कधीपासून घ्याल?"

"ते सांगता येणार नाही. पण अजून हवे असतील तर वीकेंडची ऑफर आहे."

नंदूने फोन बंद केला. लॅपटॉप मिटला नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं आता तो कागद मागेल. त्याने मागितला नाही.

"शेवटी ताई काही बोलली का?" त्याने विचारलं. "आईने तुम्हाला सांगितलं असेल."

आईने सांगितलं होतं. शेवटच्या संध्याकाळी नीलांबरी सारखी विचारत होती, "नंदू निघाला का?" सासूबाई म्हणाल्या होत्या, "निघाला. विमानात बसला." त्यानंतर ती शांत पडून राहिली. माझ्याबद्दल तिने विचारलं का, ते मी सासूबाईंना विचारलं नाही.

मी हे त्याला तेव्हा सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं, मला कळत नव्हतं. कदाचित सही केली असती. कदाचित कर्जाचे पैसे घेऊन सगळ्याचे दिनार घेतले असते, लवकर आईकडे निघता यावं म्हणून. बारा वाजत आले होते.

"आधी सही कर," मी म्हटलं. "मग सांगतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे तुम्ही पण बोलीच लावताय."

"हो."

रुपाली म्हणाली, "भावोजी, असं नका करू." पण कागद तिने त्याच्यासमोर ठेवला. त्याने सही केली आणि पेन तिच्याकडे सरकवलं. तिनेही केली.

मी गाडी चालवली. पोस्टात रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा मागे एक बाई दाराला कुलूप लावत होती. काउंटरवरच्या माणसाने पाकिटावर तारखेचा शिक्का मारला आणि रजिस्टरची पावती दिली. रुपालीने ती दोनदा वाचली. नंदू गाडीतच बसून होता. परतताना मी आरशातून त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. घराशी आल्यावर उतरला, माझ्यासाठी थांबला नाही.

कर्ज रद्द झालं. तसं पत्र आलं. लिलावाचे आकडे तो अजून बघतो की नाही, मला माहीत नाही, रुपालीलाही विचारलं नाही.

आता मार्च आलाय, बर्फ वितळतंय. नंदू दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतो. भाजी तो आणतो, भात मी लावतो. ऑफिसचं बोलतो, गाडीचं बोलतो. त्याने पुन्हा विचारलेलं नाही. सासूबाई फोनवर विचारतात, "नंदूला सांगितलंत का?"

मी अजून सांगितलेलं नाही.