न गायलेलं कडवं

आमच्या फेरो बेटांवर तान्ही मुलं उघड्यावर झोपवतात. धुकं असो, थंडी असो, बाबागाडी घराच्या भिंतीशी लावायची, आत लोकर कोंबायची आणि खिडकीतून लक्ष ठेवायचं. मी जरा जास्तच ठेवते. एल्सपा आठ महिन्यांची आहे. ती सहा आठवड्यांची होती तेव्हा तिचा बाप, माझा हेंद्रिक, आइसलंडकडे मासेमारीला गेला. बोट बुडाली. एकही माणूस सापडला नाही.

सोमवारी दुपारी मी भांडी विसळत होते. बाहेर बाबागाडी झुलत होती. वारा नव्हता.

मागे सासूबाई, मालान, विणता विणता गाणं म्हणत होत्या. ते गाणं इथे पोराटोरांनाही पाठ आहे. हातात हात धरून, गोल करून, पाय आपटत म्हणतो आम्ही ते. बुडालेल्या मुलाला आई हाक मारते आणि प्रत्येक कडव्यात तो थोडा जवळ येतो. आधी किनाऱ्यावर, मग होड्या ठेवायच्या नावघरापाशी, मग कुंपणाशी, मग पाळण्याशी. शेवटच्या कडव्यात आईच त्याला परत पाठवते. ज्याने गाणं उचललं त्यानेच ते संपवायचं, असा नियम आहे. कारण न पाठवलेला माणूस एकटा जात नाही.

सासूबाई रोज एक कडवं पुढे जात होत्या. नावघराचं कडवं झालं त्या सकाळी नावघराचं दार उघडं सापडलं. मी म्हटलं, वारा. कुंपणाच्या कडव्यानंतर मेंढ्या तिकडे फिरकेनात. मी म्हटलं, कुत्रं असेल.

आता पाळण्याचं कडवं चालू होतं. मी धावत बाहेर गेले. एल्सपा जागी होती. कुणीतरी उचलून घ्यावं तसे तिने हात वर केले होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. दुलईची कड ओली होती. मी ती जिभेला लावून पाहिली.

आत येऊन म्हटलं, "आई, शेवटचं कडवं म्हणा."

"कॉलेजात हेच शिकवतात वाटतं, मास्तरीणबाई? गाण्याला भ्यायला?"

"दुलई ओली आहे."

"धुकं आहे बाहेर."

"धुकं खारट नसतं, आई."

सुया थांबल्या. मांडीवर स्वेटर होता, हेंद्रिकच्या मापाचा.

"सहाच आठवडे बघितलीय त्यानं पोरगी," त्या म्हणाल्या. "बघू दे की जरा."

"बघून झालंय. आता हात पुढे करतोय."

"तुला नकोय का तो?"

आठवडाभर मीही दाराला कडी लावली नव्हती.

"हवाय," मी म्हटलं. "पण तिला घेऊन गेला तर? मग तिला हाक मारायला कुठलं गाणं म्हणणार तुम्ही?"

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाबागाडी अजून झुलत होती. त्यांनी स्वेटर खाली ठेवला, उठल्या आणि हात पुढे केला. हे गाणं कुणी एकट्याने संपवत नाही.

आम्ही दोघी नुसत्या मोज्यांवर स्वयंपाकघरात नाचलो. दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे. त्यांनी कडवं उचललं, पण शेवटच्या ओळीशी आवाज बसला. ती ओळ म्हणायचा हक्क मला नव्हता. माझं फक्त धृपद. ते मी पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, पाय थांबू दिले नाहीत. त्यांची बोटं माझ्या हातात रुतली होती.

"जा, बाळा," शेवटी त्या म्हणाल्या. चाल सुटली होती, नुसतेच शब्द. "ओहोटी लागलीय. जा."

बाहेर एल्सपाने भोकाड पसरलं, भुकेचं, रागाचं. मी तिला उचलून छातीशी लावलं. बाबागाडी जागच्या जागी उभी होती.

तिथल्या फरशीवर पाणी होतं. सासूबाईंनी गुडघे टेकून ते फडक्याने टिपलं. कितीतरी वेळ टिपत होत्या.

ते फडकं त्यांनी पिळलं नाही. चुलीवरच्या दोरीवर तसंच टाकलं. अजून तिथेच आहे, वाळून कडक, कडांना पांढरं मीठ धरलेलं. मी त्याला हात लावत नाही.