थैलीचा आढावा

आमच्या गोरेगाव या गावात एका संस्थेचा दवाखाना आहे. तिथे बीपी-शुगरच्या रुग्णांना दर महिन्याला मोफत गोळ्या मिळतात. गोळ्या देण्याआधी आधीच्या गोळ्यांचा आढावा घ्यायचा आणि त्याची नोंद कॉम्प्युटरवर कोडने करायची, असा नियम आहे. ती नोंद मी करतो. मी ग्रंथपाल होतो. चौतीस वर्षं पुस्तकांना क्रमांक दिले, तर माणसांनाही देता येतील असं संस्थेला वाटलं. मला अजून तसं वाटत नाही. लोक मला गुरुजी म्हणतात. मी कधी शिकवलेलं नाही, पण हे सांगायची वेळ निघून गेली.

एकवीस म्हणजे रुग्णासमोर आढावा. बावीस म्हणजे रुग्णाच्या गैरहजेरीत. बावीस सलग तीनदा पडला की नाव यादीतून जातं आणि गोळ्या बंद.

पुसेगावची माणसं नाव टिकण्यापुरती येत, एरवी त्यांच्या थैल्या येत. जीपवाला चाँद पाशा त्या आणायचा. मी थैलीतली पाकिटं पाहायचो, मोकळी असली की ‘नियमित’ लिहायचो, डॉक्टर आकांक्षा सही करायच्या आणि नव्या गोळ्या त्याच थैलीतून परत जायच्या. चतुराबाईंची थैली सगळ्यांत नीटनेटकी. सकाळी एक, संध्याकाळी एक, महिन्याच्या साठ गोळ्या. साठही घरं मोकळी. असे दोन महिने गेले. दोन्ही वेळा बावीस.

थैल्या परत न्यायला आला तेव्हा मी चाँद पाशाला म्हणालो, “पुढच्या वेळी चतुराबाईंना आणा. नाहीतर नाव जाईल त्यांचं.”

“मावशीला जीपमधी मळमळतं, गुरुजी. तुमी एकवीस टाका ना. कालच पाहून आलो म्या, एकदम बराबर हायेत.”

“पण मी नाही ना पाहिलं.”

“मंग मला पाहून घ्या. म्या त्यांना पाहेल हाय.”

 यावरचं उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं.

पुढच्या महिन्यात चतुराबाई आल्या. पदर तोंडावर दाबून उतरल्या, पाणी प्यायल्या, “जयभीम गुरुजी” म्हणाल्या आणि माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या.

“थैली?” मी विचारलं.

“थैली काहून? तुमीच म्हनले, पेशंट पाठवा. इतके दिस थैली येत व्हती, तवा म्या आले का?”

मी कोडचा तक्ता दोनदा वाचला. औषध आहे आणि रुग्ण नाही, याला कोड होता. रुग्ण आहे आणि औषध नाही, याला नव्हता. जीप पाचला परत जाणार होती आणि दवाखाना एकला बंद होतो. नोंद झाली नाही तर कॉम्प्युटर आपोआप बावीस धरतो. तिसरा बावीस. बाई समोर बसलेल्या असताना त्यांना गैरहजर ठरवायचं माझ्या जिवावर आलं.

“उरलेल्या गोळ्यांचा आकडा लागतो,” मी चाचरत म्हणालो. “काही उरल्या नसतील ना?”

“साठ.”

“साठ घेतल्या?”

“दोन म्हैन्यात साठ घेतल्या, गुरुजी. साठ उरल्या. डब्यात हायेत. ह्या म्हैन्याच्या आनखी तीस.”

“पण पाकिटं तर मोकळी होती.”

“व्हय. तुमी पाकिटं पाहता म्हनून थैली द्यायच्या सकाळी समद्या गोळ्या काढून घेते. संध्याकाळची घेतली की डोळ्यापुढं अंधारी येते. आमी एका वक्ती जेवतो. सांगितलं तर नाव काढसाल, म्हनून न्हाई सांगितलं.”

दोन महिने मी मोकळ्या पाकिटांना ‘नियमित’ लिहिलं होतं. मी उठून डॉक्टरांना बोलावलं. जागेवरून हाक मारणं मला जमत नाही.

डॉक्टरांनी बोटातून रक्त घेतलं. साखर एका गोळीवर ताब्यात होती. “आजी, अंधारी येते हे आधी का नाही सांगितलं?”

“थैली कशी सांगन, बाई?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहिलं. संध्याकाळची गोळी बंद झाली. मी एकवीस टाकला, त्याखाली ‘मात्रा कमी केली’, आणि उरलेल्या गोळ्यांपुढे बाईंच्या शब्दावर नव्वद. मग मागच्या दोन नोंदी उघडून ‘नियमित’ खोडलं आणि ‘माझी चूक’ असं लिहिलं. कॉम्प्युटरने ते स्वीकारलं नाही, त्याला कोड हवा होता. शेवटी ‘इतर’ टाकला.

“नाव राह्यलं ना?” चतुराबाईंनी विचारलं.

“राहिलं.”

“मंग थैलीचं काई कामच न्हाई,” त्या चाँद पाशाला म्हणाल्या. “उलट थैली नेली न्हाई तर गोळी कमी व्हते.”

ते मी तेव्हाच दुरुस्त करायला हवं होतं. पण त्या उठल्या होत्या, आणि उठलेल्या माणसाला थांबवणं मला कठीण जातं.

पुढच्या महिन्यात चाँद पाशाच्या जीपमधून पुसेगावची सतरा माणसं उतरली. थैली एकाचीही नव्हती.