वरून आलेलं धोरण

मी स्विच बोलतोय. दिवे लावायचा नव्हे, नेटवर्कचा. एका इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या कपाटात मी राहतो. या मजल्याचा प्रत्येक निरोप माझ्यातून जातो. गर्दी झाली की आधी कुणाला सोडायचं, हे मी बघतो. म्हणजे ठरवतं दुसरंच कुणीतरी, मी पाळतो.

मला शहाणं केलं इथल्या तंत्रज्ञ बाईंनी. सगळे त्यांना वायरताई म्हणत. स्टुलावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यांनी मला एकेक नियम लिहून दिला. अतिदक्षता विभाग माझ्याच मजल्यावर. तिथल्या रुग्णांच्या हृदयाचे ठोके माझ्यातून सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर जात. "हे आधी. बाकी जग गेलं खड्ड्यात," वायरताई म्हणाल्या. इतका स्वच्छ हुकूम मला पुन्हा मिळाला नाही.

मग नवे व्यवस्थापक आले. एकशेचाळीस स्विच आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी, हे त्यांना बघवेना. तळमजल्यावर धोरणाचा सर्व्हर बसला. धोरण एकदाच लिहायचं; तो ते आम्हा सगळ्यांना, ज्याला जी भाषा समजते त्या भाषेत, मिनिटभरात पोचवणार. दर पंधरा मिनिटांनी आमची झडती घेणार आणि काही वेगळं सापडलं, तर ते पुसून आपलंच लिहिणार. खरं सांगतो, कल्पना वाईट नव्हती. वाईट होतं ते धोरण.

ते लिहायला समिती बसली. तिच्यात फर्निचर खरेदी करणारे साहेब होते, वायरताई नव्हत्या. पहिलं कलम, व्यवस्थापकांच्या व्हिडिओ मीटिंगा. दुसरं, टीव्हीवर फिरणारी इस्पितळाची जाहिरात. हृदयाचे ठोके गेले 'इतर' या सदरात, छपाईच्या कागदांशेजारी.

एका दुपारी मीटिंग रंगात आली. मी त्यांचं प्रत्येक "माझा आवाज येतोय का?" पायघड्या घालून पुढे नेत होतो. मागे चार नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचे ठोके ताटकळत होते. मोठ्या सिस्टरांनी पडद्याकडे पाहिलं.

"ही रेघ मघापासून हलतच नाहीये!"

त्या धावल्या. काचेच्या बंद दाराआड आजोबांचा श्वास अडकला होता. थोडक्यात वाचले.

वायरताई तडक आल्या आणि त्यांनी जुना नियम पुन्हा लिहिला. पंधरा मिनिटांनी सर्व्हरची झडती आली आणि त्याच्या हुकमाने मी तो पुसला. त्यांनी परत लिहिला, मी परत पुसला.

"पुसू नको रे मेल्या!" त्या ओरडल्या. लाज वाटली, पण माझ्या हातात काय होतं? त्यांनी व्यवस्थापकांना फोन लावला. उत्तर आलं, "समिती पुढच्या महिन्यात बसेल. तोवर लेखी अर्ज द्या."

वायरताईंनी शेवटचं एकदा नियम लिहिला आणि सर्व्हरकडे जाणारी माझी वायर उपटली. वरून काही येईनासं झालं की हाती असलेलंच पाळायचं, अशी आमची घडण. ठोके पुन्हा पुढे धावू लागले. तळमजल्याच्या अहवालात एकशेएकोणचाळीस हिरवे ठिपके आणि एक लाल. तो लाल मी.

वायरताईंना शिस्तभंगाची नोटीस आली. मोठ्या सिस्टर ती घेऊन थेट चालू मीटिंगमध्ये शिरल्या आणि कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आमचे आजोबा तुमच्या मीटिंगच्या मागे रांगेत उभे होते. मला पळता येतं म्हणून वाचले. या वयात रोज किती पळू?"

संध्याकाळच्या आत धोरण बदललं. ठोके पहिले, आणि मिनिटभरात उरलेल्या एकशेएकोणचाळीस ठिकाणीही.

व्यवस्थापकांचा 'रुग्णांचा विचार करणारं नेतृत्व' म्हणून सत्कार झाला. वायरताईंची नोटीस मात्र अजून फायलीत आहे. ती मागे घेण्याचं कलम म्हणे धोरणात नाही.

माझी वायर पुन्हा जोडली आहे. उद्या वरून पुन्हा खुळचटपणा आला, तर तोही मी मुकाट्याने पाळेन. मला 'नाही' म्हणता येत नाही हो. तुम्हाला येतं. मग समितीत बसलात की तोंडात काय धरून बसता?